मीठ कमी केल्यावर उतरलेलं वजन नेमकं कशाचं?

पर्वतीपायथा
सोमवार, रात्री ९.४०

वजनाच्या प्रत्येक धाग्यावर एक वाक्य हमखास येतं: "मीठ बंद केलं आणि आठवड्यात दोन किलो उतरले." उतरतात हे खरं. पण ती चरबी नसते, पाणी असतं. हे माहीत नसलं की दुसऱ्या आठवड्यात काटा जागच्या जागी थांबतो, माणूस निराश होतो आणि चांगलं चाललेलं खाणंपिणं सोडून देतो. म्हणून हा विषय वेगळा काढला.

मिठात कॅलरी शून्य. मीठ खाल्ल्याने चरबी वाढत नाही, सोडल्याने जळत नाही. मिठाचा ४० टक्के भाग सोडियम असतो आणि रक्तातलं सोडियमचं प्रमाण शरीर फार काटेकोर सांभाळतं. खारट जास्त गेलं की तहान लागते, लघवी कमी होते आणि पाणी अंगात राहतं. दवाखान्यात लावतात त्या साध्या सलाईनमध्ये लिटरमागे ९ ग्रॅम मीठ असतं, आणि पेशींबाहेरच्या पाण्याचा खारटपणाही त्याच्याच आसपास असतो. म्हणजे ९ ग्रॅम मीठ जादा साठलं तर त्याच्याबरोबर लिटरभर पाणी, काट्यावर एक किलो. मूत्रपिंडं हे जादा मीठ एका रात्रीत बाहेर टाकत नाहीत. दोन-तीन दिवस जातात, कधी त्याहून जास्त.

आता चरबीकडे बघा. किलोभर चरबीत साधारण ७७०० कॅलरी. रोज ५०० कॅलरीची तूट ठेवली तर आठवड्याला ४५० ग्रॅमच्या आसपास चरबी जाते. पाण्याचा काटा किलोभर वरखाली होत असताना हे ४५० ग्रॅम दिसणार कुठून? ते जात असतात, पण झाकले जातात.

त्यात भात-पोळी एकदम कमी करणाऱ्यांचं आणखी एक पाणी जातं. यकृतात आणि स्नायूंत साठवलेल्या ग्लायकोजेनच्या (भात-पोळीतून साठणाऱ्या साखरेच्या) प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी असतं. साठा रिकामा झाला की तेही गेलं. मीठ आणि पिठूळ पदार्थ एकाच दिवशी सोडले की पहिल्या आठवड्याचा आकडा म्हणूनच एवढा मोठा दिसतो.

तरी मीठ मोजलंच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे २००० मिग्रॅपेक्षा कमी सोडियम. आपल्या घरांत याच्या दुप्पट सहज होतं. स्वयंपाकातले आकडे ज्यांना पक्के माहीत आहेत त्यांनी पुढे लिहावं.

टेकडीवाला
सोमवार, रात्री १०.१५

वजन कसं करायचं ते आधी ठरवा, नाहीतर वरचा सगळा हिशेब वाया जाईल.

सकाळी उठल्यावर, पोट साफ झाल्यावर, चहाच्याही आधी. कपडे तेच किंवा तेवढेच. काटा सतरंजीवर ठेवू नका, फरशीवर ठेवा, आणि रोज एकाच फरशीवर. घराचा एक, जिमचा एक असे दोन काटे नकोत. आकडा रोज लिहा, पण रोजच्या आकड्यावर काहीही ठरवू नका. सात दिवसांची बेरीज भागिले सात, आणि या आठवड्याची सरासरी मागच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून बघा. तीन-चार आठवड्यांत ती उतरत असेल तर चरबी जाते आहे.

बायकांनी महिन्याच्या चक्राचं भान ठेवायचं. पाळीच्या आधीच्या दिवसांत अंगात पाणी राहतं, त्यामुळे या चक्राचा दुसरा आठवडा मागच्या चक्राच्या दुसऱ्या आठवड्याशीच जुळवावा. नवीन व्यायाम सुरू केल्यावर अंग दुखतं, तेव्हाही स्नायूंत पाणी धरतं आणि चार-पाच दिवस काटा वर दिसतो. त्या दिवसांत जेवण आणखी कमी करण्याचा मोह होतो. तो टाळा.

कमरेचं माप पंधरा दिवसांनी एकदा घ्या. टेप बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडल्यावर, न आवळता. पाण्याने काटा फसतो तसा टेप फसत नाही.

आमसूल
मंगळवार, सकाळी ७.३०

घरातलं मीठ कसं मोजायचं ते सांगते.

सगळ्यात सोपी पद्धत पुड्याची. एक किलोचा पुडा फोडला की त्यावर पेनाने तारीख घाला. चार माणसांचं घर, माणशी ५ ग्रॅम, म्हणजे रोज २० ग्रॅम. किलो ५० दिवस पुरायला हवं. पण लोणचं, पाव, फरसाण, बिस्किटं यांतलं मीठ पुड्यात धरलेलं नाही. म्हणून स्वयंपाकाचं मीठ माणशी साडेतीन ग्रॅमच्या आत हवं, आणि मग तोच पुडा सत्तर दिवस चालायला हवा. महिन्याभरात संपत असेल तर माणशी आठ ग्रॅमच्या वर एकट्या स्वयंपाकातूनच जातंय.

दुसरं, चमचा. "एक चमचा मीठ" याला काहीच अर्थ नाही. सपाट भरलेल्या मापाच्या छोट्या चमच्यात बारीक मीठ ५ ते ६ ग्रॅम मावतं. शिगोशीग घेतला तर बरंच जास्त. मिसळणाच्या डब्यातले चमचे तर प्रत्येक घरात वेगळे. तुळशीबागेत स्वयंपाकाचा छोटा डिजिटल काटा मिळतो. तुमच्या नेहमीच्या चमच्याने दहा सपाट चमचे मीठ त्यावर घ्या आणि दहाने भागा. तो आकडा डब्याच्या झाकणाला चिकटवा. चिमटीने घालायची सवय असेल तर महिनाभर तरी चमच्यानेच घाला.

आता एका माणसाचा नेहमीचा दिवस. प्रमाणं हाताच्या अंदाजाने थोडी इकडेतिकडे होतील.

एक बशी पोहे: १.३ ग्रॅम मीठ
आमटी, दोन्ही वेळची मिळून दोन वाट्या: ३ ग्रॅम
दोन वेळची भाजी: २ ग्रॅम
पोळ्या, कणकेत मीठ घातलं असेल तर: १.२ ग्रॅम
लोणच्याची एक मोठी फोड खारासकट: १.२ ग्रॅम
एक उडदाचा पापड: ०.६ ग्रॅम
मीठ घातलेलं ताक, एक पेला: १.२५ ग्रॅम
संध्याकाळी मूठभर चिवडा: ०.५ ग्रॅम

झाले ११ ग्रॅम, आणि यात बाहेरचं एकही जेवण नाही. आता कणकेतलं मीठ काढा, ताक अळणी प्या, लोणचं-पापड सणावारी ठेवा. आमटी-भाजीचं प्रमाण एक टक्क्यावरून ०.७ टक्क्यावर आणा (लिटरभर आमटीला १० ऐवजी ७ ग्रॅम) आणि पोह्यांचं १ ग्रॅमवर. चिवडा असू द्या. बेरीज करा: ५ ग्रॅम. एकही पदार्थ अळणी लागत नाही, कारण पोळी तोंडात जाते ती भाजीबरोबर, आणि ताकाला आंबटपणा असतोच.

गुलमोहर५
मंगळवार, सकाळी ९.०५

ताकाचा आकडा बघून धक्का बसला. उन्हाळ्यात ताक दिवसातून तीनदा होतं, म्हणजे जवळजवळ पावणेचार ग्रॅम तिथेच?

एक विचारायचं होतं. एकदम कमी केलं तर घरातले ताट बाजूला सारतात. किती वेगाने कमी करावं? आणि सैंधव वापरलं तर चालेल ना? सगळे तेच सांगतात.

आमसूल
मंगळवार, सकाळी ११.२०

@गुलमोहर५, हो, तेवढंच. ताकाला भाजलेल्या जिऱ्याची पूड, किसलेलं आलं, कोथिंबीर, थोडा हिंग आणि कढीपत्ता चुरडून घाला. ताक जरा आंबट असेल तर मिठाची आठवण येत नाही. गोड्या ताकाला मात्र मीठ लागतं, म्हणून विरजण नीट लागू द्यायचं.

वेग: दर पंधरा दिवसांनी दहा टक्के. १० ग्रॅमचे ९, मग ८, मग ७. जिभेला नवी चव अंगवळणी पडायला एक-दोन महिने लागतात, नंतर जुन्या प्रमाणाची आमटी खारट वाटायला लागते. घाईने अर्धं केलं तर लोक ताटात वरून मीठ घेतात आणि पहिल्यापेक्षा जास्त खातात. ताटात डाव्या बाजूला मीठ वाढायचं मात्र पहिल्या दिवसापासून बंद करा.

मीठ केव्हा घालायचं यावर बरंच अवलंबून आहे. पालेभाजी चिरलेली असताना पातेलंभर दिसते, त्या अंदाजाने मीठ पडतं आणि आळून वाटीभर झाली की खारट होते. मेथी, चाकवत, पालक आळल्यावरच मीठ घाला, निम्मं पुरतं. आमटी उकळून आटते, म्हणून मीठ गॅस बंद करण्याआधी दोन मिनिटं. कोशिंबिरीला पान वाढताना मीठ. आधी घातलं तर काकडीला पाणी सुटतं, मीठ त्या पाण्यात तळाशी जातं, फोडी अळणी लागतात आणि मग वरून पुन्हा मीठ. उसळीचं कडधान्य मात्र बिनमिठाचं शिजवून चालतं, रश्शात मीठ असलं की पुरे.

कमी झालेल्या मिठाची जागा आंबट आणि खमंग चवीने भरून निघते. आमटीला आमसूल किंवा चिंच एक बोट जास्त. भाजीवर शेवटी लिंबू. लसूण लालसर होईपर्यंत परतलेली फोडणी. तीळ, कारळं, जवस भाजून केलेली कोरडी चटणी, पण तिच्यात मीठ घालताना हात आखडता, कारण चटणीला "चवीपुरतं" म्हणता म्हणता वाटीला चमचाभर जातं.

आणि आमटी खारट झाली तर बटाटा टाकून काही साधत नाही. बटाटा मीठ आणि पाणी सारखंच शोषतो, उरलेली आमटी तेवढीच खारट राहते. शिजलेली डाळ किंवा पाणी वाढवणं हाच उपाय.

ऋतुगंधा
मंगळवार, दुपारी ३.४५

सैंधवाचं मी लिहिते, कारण यात गैरसमज फार आहेत आणि त्यातले काही धोक्याचे आहेत.

सैंधवही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच. त्यातली इतर खनिजं इतकी थोडी की दिवसाच्या ५ ग्रॅममधून त्यांचा काही उपयोग नाही. पादेलोणाचं तेच; वास वेगळा येतो तो गंधकाच्या संयुगांचा. जाडं मीठ चमच्यात कमी मावतं म्हणून कमी खारट वाटतं, वजनाने मोजलं तर फरक नाही. सैंधवाच्या अनेक पुड्यांत आयोडीन नसतं. मीठ कमी खायचं असेल तर ते आयोडीनयुक्तच हवं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना तर नक्कीच. डबा घट्ट झाकणाचा आणि शेगडीपासून लांब. ओल आणि उष्णता यांनी आयोडीन उडतं.

आता "लो सोडियम" मीठ. त्यात काही सोडियम क्लोराइड काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. चीनमधल्या ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर एक मोठा अभ्यास झाला, २०२१ साली प्रसिद्ध झाला. ७५ टक्के सोडियम क्लोराइड आणि २५ टक्के पोटॅशियम क्लोराइडचं मीठ वापरणाऱ्यांत पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्के कमी आढळलं. म्हणजे हे मीठ कामाचं आहे. पण मूत्रपिंडाचा आजार असेल, किंवा रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल यांपैकी काही चालू असेल, किंवा स्पायरोनोलॅक्टोन असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मीठ घरात आणू नका. या औषधांनी पोटॅशियम शरीरात साठतं, वरून मिठातूनही आलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. पुण्यात सकाळी टेकडीवर फिरणाऱ्या साठीच्या माणसांपैकी किती जण टेल्मिसार्टन घेत असतील, विचार करा. आणि घरातल्या मिठाचा डबा सगळ्यांचा एकच असतो.

दुसरी टोकाची गोष्ट, मीठ पूर्ण बंद करणं. ज्यांना लघवी वाढवणारी औषधं चालू आहेत (हायड्रोक्लोरोथायाझाइड, क्लोरथॅलिडोन) त्यांनी मीठ तोडलं आणि वर चार-पाच लिटर पाणी प्यायला सुरुवात केली तर रक्तातलं सोडियम घसरतं. आधी थकवा, मळमळ, डोकेदुखी. मग गोंधळल्यासारखं बोलणं, तोल जाणं. वयस्कर माणसांत हे "वयामुळे" म्हणून सोडून दिलं जातं. असं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

पर्वतीपायथा यांच्या मुद्द्याला एक जोड. अमेरिकेतल्या २००१ सालच्या डॅश-सोडियम अभ्यासात ४१२ लोकांना महिनामहिनाभर मिठाच्या तीन वेगवेगळ्या पातळ्यांवर जेवण दिलं, आणि वजन हलू नये म्हणून कॅलरी मुद्दाम जुळवल्या. तरीही मीठ कमी होत गेलं तसा रक्तदाब उतरत गेला. म्हणजे काटा हलला नाही तरी मीठ कमी केल्याचा फायदा पदरात पडतो. काट्यावर रुसून मीठ पुन्हा वाढवू नका.

तिखटमीठ
मंगळवार, रात्री ८.१०

रविवारच्या मिसळीचा हिशेब कुणी मांडेल का? ती सोडायची नाहीये, पण नेमकं किती जातं ते कळलं तर आधीच्या-नंतरच्या जेवणात जुळवता येईल.

पर्वतीपायथा
मंगळवार, रात्री ९.००

@तिखटमीठ, मांडून बघू. कट, दोन वेळा वाढून घेतलेला धरून २५० मिली, एक टक्का मीठ: अडीच ग्रॅम, म्हणजे १००० मिग्रॅ सोडियम. फरसाण ४० ग्रॅम: ३०० मिग्रॅच्या आसपास. दोन पाव: आणखी ३०० च्या घरात. झाले १६००. दिवसाच्या २००० पैकी. वर मसाला ताक घेतलं तर दिवसाचा कोटा नाश्त्यालाच संपला.

यातला सगळ्यात मोठा वाटा कटाचा आहे, फरसाणाचा नाही, आणि लोक नेमकं उलटं समजतात. म्हणून कट एकदाच घ्या आणि वाटीत राहिला तर राहू द्या, मटकी जास्त मागा, पाव एक. सोडियम हजाराच्या आत येतं. कॅलरीसाठी मात्र फरसाण आणि वरची तर्री बघायची. तिथे मीठ गौण आहे, तेल मुख्य. त्या दिवशीची बाकीची जेवणं साधी: मुगाची खिचडी कमी मिठाची, बिनमिठाचं ताक, फळ. सोमवारी काटा अर्धा-एक किलो वर दाखवेल. तो लिहून ठेवा आणि विसरून जा, गुरुवारपर्यंत उतरतो.

गुलमोहर५
मंगळवार, रात्री ९.३५

पाकिटावरचं कसं वाचायचं?

पर्वतीपायथा
मंगळवार, रात्री १०.०५

पाकिटावर मागे पोषणाच्या तक्त्यात सोडियम मिग्रॅमध्ये छापलेलं असतं. त्याला अडीचने गुणा आणि हजाराने भागा, ग्रॅममध्ये मीठ मिळालं. ८०० मिग्रॅ सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ.

फसगत होते ती "प्रति १०० ग्रॅम" आणि "प्रति सर्व्हिंग" यांत. चिवड्याच्या पाकिटावर सर्व्हिंग २०-३० ग्रॅमचं धरलेलं असतं. पाकीट फोडून बसलेला माणूस तेवढ्यावर थांबत नाही. नेहमी १०० ग्रॅमचा आकडा घ्या, आपण खरोखर किती ग्रॅम खातो त्याने गुणा आणि शंभराने भागा.

खारट न लागणाऱ्या वस्तूंकडे विशेष लक्ष द्या. पाव, बेकरीची खारी, टोस्ट, गोड बिस्किटं, चीज स्लाइस, सॉस. खाण्याचा सोडा हाही सोडियमच: एका छोट्या चमच्यात १२०० मिग्रॅच्या आसपास. ढोकळ्यात घालतात त्या फ्रूट सॉल्टच्या ५ ग्रॅमच्या पुडीत सुमारे ८०० मिग्रॅ, आणि ढोकळ्यात मीठ वेगळं पडतंच. पित्तावर उतारा म्हणून ती पुडी रोज पाण्यातून घेणारे लोक आहेत. त्यांचा भाजीतला काटकसरीचा हिशेब तिथेच संपतो. इन्स्टंट नूडल्समध्ये बहुतेक मीठ मसाल्याच्या पुडीत असतं. अर्धी पुडी टाकून द्या, भाज्या वाढवा.

टेकडीवाला
बुधवार, सकाळी ६.५०

घामाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. एप्रिल-मेमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा "घाम जातो, मीठ जास्त खा" असा सल्ला सगळीकडे फिरतो.

एक लिटर घामात साधारण अर्धा ते एक ग्रॅम सोडियम जातं. माणसामाणसांत फरक मोठा. तळजाईवर किंवा वेताळ टेकडीवर सकाळी पाऊण तास चालून अर्धा लिटरसुद्धा घाम जात नाही. त्याला साधं पाणी आणि घरचं जेवण पुरतं. दोन तासांची पळापळ, उन्हात सिंहगड चढणं-उतरणं, अंगमेहनतीचं काम, तिथे गोष्ट वेगळी. टोपीवर, बनियनवर पांढरे डाग उमटत असतील तर तुमचा घाम खारट आहे. अशा वेळी लिंबू सरबतात लिटरला पाव छोटा चमचा मीठ घाला, थोडी साखर, आणि घोट घोट प्या. किती घाम गेला ते कळायला व्यायामाच्या आधी आणि नंतर अंग पुसून वजन करा. मधे प्यायलेलं पाणी त्या फरकात मिळवा.

ओआरएस हे जुलाब-उलट्यांसाठी आहे. घरी करायचं तर लिटरभर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. वजन कमी करताना "ताकद येते" म्हणून रोज एक पुडी घेणं म्हणजे मीठ आणि साखर दोन्ही विकत घेऊन पिणं.

ऋतुगंधा
बुधवार, सकाळी १०.३०

पोटॅशियमबद्दल राहिलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाला दिवसाला किमान ३५१० मिग्रॅ पोटॅशियम जेवणातून मिळायला हवं. त्याने सोडियम लघवीवाटे बाहेर पडायला मदत होते. केळं, शहाळं, डाळी, राजमा, बटाटा, रताळं, पालक, टोमॅटो यांतून ते मिळतं. भाजी उकळून पाणी फेकलं तर बरंचसं निघून जातं, म्हणून ते पाणी आमटीत किंवा कणकेत वापरा. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मात्र नेमकं उलटं करायचं असतं, त्यांचा आहार डॉक्टरच ठरवतील.

गुलमोहर५
बुधवार, दुपारी १२.१५

शेवटचा प्रश्न. उपासाच्या दिवशी मीठ आपोआप कमी होतं का? आमच्याकडे एकादशीला, चतुर्थीला सगळ्यांचे उपास असतात.

आमसूल
बुधवार, दुपारी १.४०

होत नाही. साबुदाण्याच्या खिचडीला मीठ सढळ लागतं, कारण साबुदाणा आणि बटाटा दोन्ही फिके. त्यात वेफर्स, बटाट्याचा चिवडा, खारे दाणे, उपासाचं लोणचं. सैंधव वापरलं तरी मोजमाप तेच.

पाव किलो कोरड्या साबुदाण्याची, चार माणसांची खिचडी असेल तर ५ ग्रॅम मीठ पुरे. ते साबुदाण्यात सगळीकडे फिरवू नका. शेंगदाण्याच्या कुटात कालवून तो कूट शेवटी घाला. कूट दाण्यांना बाहेरून चिकटतो, त्यामुळे मीठ जिभेला आधी लागतं. हिरवी मिरची आणि जिरं तुपात नीट तडतडू द्या, वरून लिंबू. बरोबर मीठ न घातलेलं दही. वजनाच्या दृष्टीने खिचडीपेक्षा वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी बरी. त्या आमटीत मीठ लिटरला ६ ग्रॅम, आमसुलं चार.

गुलमोहर५
बुधवार, दुपारी २.०५

चार आमसुलं आधी भिजवायची की तशीच?

आमसूल
बुधवार, दुपारी २.२०

धुऊन कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवा. आमसुलं साठवताना त्यांना मीठ लावलेलं असतं, म्हणून भिजवल्यावर पाणी चाखून बघा. खारट लागलं तर आमटीचं मीठ ६ वरून ५ ग्रॅमवर आणा.